अंगणातलं इंटरनेट

किटोमा, १४ ऑगस्ट

प्रिय नाबुकेन्या,

शेजारची नासाली तिकडे मस्कतला कामाला निघालीय, तिच्या हाती हे पत्र देतोय. रोज व्हिडिओवर तोंड बघतो, मग हा कागद कशाला, म्हणशील. समोर बघून मला सांगता येणार नाही, म्हणून.

इकडे सगळे खुशाल. मटोकेच्या केळीला घड चांगले धरलेत. पोरीचा पडलेला दात तिने तुला दाखवलाच.

परवा तू पुन्हा विचारलंस, "आई फोन लावते आणि न बोलताच ठेवते. रुसलीय का रे माझ्यावर?" मी नेहमीचंच सांगितलं, वय झालं, त्यांना फोन जमत नाही. खोटं होतं ते.

गावासाठी इंटरनेटचा डबा आला तेव्हा बसवणाऱ्यांनी विचारलं, सगळ्यांना येता येईल अशी उंचावरची जागा कुठली? तशी अंगणं दोनच, आपलं आणि तुझ्या आईचं. बैठकीत मी पुढेच बसलेलो, आणि आपल्यात सासू-जावयाने एकमेकांसमोर यायचं नसतं, म्हणून त्या आल्या नव्हत्या. मी छाती पुढे काढून म्हणालो, माझ्याकडे बसवा. शहरातल्या त्या पोरांना काय ठाऊक, की जावयाच्या अंगणात सासू पाऊल टाकत नाही, तिच्या बहिणीही नाहीत! मला ठाऊक होतं. पण सगळं गाव माझ्या दारात येणार, हा मोह सुटला नाही.

तुझी आत्या तोंडावर म्हणालीसुद्धा, "जावईबापू, गावाचं पाणी आपल्याच माठात भरलंत की हो!" मी हसण्यावारी नेलं.

काल केळीत गेलो, तर कुंपणापलीकडे आई बसलेल्या. आपल्या घराकडे पाठ, डोक्यावरून कापड ओढलेलं, हातात फोन. तिथे सिग्नल येतो न येतो. पडद्यावर तुझा चेहरा अडकून पडलेला आणि त्या त्याच्याशीच बोलत होत्या, "बोल की गं, नाबू. आईवर रागावलीस होय?"

पुढे होऊन मला एवढंही सांगता येईना, की ती रागावलेली नाही, चूक माझी आहे. तसाच मागे फिरलो. फार लाज वाटतेय, नाबू.

आज गावसभेत सगळं कबूल केलं आणि डबा तुझ्या आईच्या अंगणात हलवला. तिथे मावश्यांना जाता येतं, साऱ्या गावाला जाता येतं. मज्जाव फक्त एकाच माणसाला आहे. पोरगी रोज आजीच्या मांडीवर बसून तुला बघेल. आईशी पोटभर बोल. मी दिसलो नाही, तर त्यांना विचारू नकोस, उगाच संकोचतील.

रागावलीस तरी चार ओळी लिही.

यापुढे कागदावरच भेटणारा,
तुझा मुलोंडो