आधी तुम्ही

ऑस्टबी, मिनेसोटा
९ जुलै

तुझ्या मुलीनं काल मला माझ्याच गाडीत सांगितलं की आजी, थांबणं म्हणजे चाक फिरायचं बंद होणं, नुसतं हळू होणं नव्हे. अकराव्या वर्षी मी गव्हाचा ट्रक चालवत आणला, त्याला एकसष्ट वर्षं झाली. आधी ही तक्रार ऐकून घे, मग पुढचं वाच.

चि. रॉल्फ यास आईचे अ. आ. मालाच्या बोटीवर तू पोटभर जेवत असशील, तेव्हा ते विचारत नाही.

शाळेत अ‍ॅनिकाच्या ड्रायव्हिंगच्या वर्गाला घरचं एक मोठं माणूस बसलं, तर सरावाचे दहा तास माफ होतात. त्या लोभानं गेले. मी वर्गात शेवटची बसले ती सहावीत. बाकडं तेवढंच आहे, मी तेवढी राहिले नाही. क्वाम मास्तरांनी विचारलं, मुलांनी आपल्याकडून कोणत्या वाईट सवयी उचलल्या असतील. सगळे खाली बघत होते. मी शेजारणीच्या सवयी मोजत होते.

नजरेच्या मधोमधचा डाग वाढतोय. हिवाळ्यापासून माझी गाडी बंद, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. तुझी बहीण जोलीन तेवढ्यावर टपून आहे. तोवर अ‍ॅनिकाला लायसन मिळालं नाही, तर गावापासून अकरा मैलांवर आम्हा दोघींना आणणारं-नेणारं कोणी नाही. मग पोरगी फार्गोला आत्याकडे, आणि मी म्हाताऱ्यांच्या त्या इमारतीत, जिथे दुपारी साडेचारला रात्रीचं जेवण वाढतात.

काळजी करू नकोस. शिकवायला मी आहे.

तुझी आई,
अर्डिस


बोटीवरून
२८ जुलै

ती. आईस रॉल्फचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र टपालबोटीनं आणलं आणि दोरीच्या बादलीतून वर आलं. शिकवायला तू आहेस हे वाचलं आणि तेव्हापासूनच काळजी लागली. मलाही तूच शिकवलंस आणि मी तीनदा नापास झालो. तिसऱ्यांदा तर तू परीक्षकाच्या हातात घरच्या वड्यांचा डबा दिलास. तो त्याला लाच वाटला.

एवढंच मागतो, तुला येतं ते तिला शिकव, तुला सवय आहे ते नको. तिची आई गेल्यापासून तुम्ही दोघी आहात म्हणून मी पाण्यावर राहू शकतो. सरोवर गोठल्यावर बोटी बंद होतील, तेव्हा रिकाम्या घराचं कुलूप काढायला मला यायचं नाही.

मी एवढं बोललो त्याचा राग धर, पण लोभ सोडू नकोस.

तुझा,
रॉल्फ


ऑस्टबी
११ ऑक्टोबर

पहिल्या खेपेला ती नापास झाली आणि दोष माझा आहे. हे दोनदा वाचून घे, मी परत लिहिणार नाही.

चि. रॉल्फ यास आ. आहेतच.

धान्याच्या कोठारापाशी चौक आहे ना, चारी बाजूंना थांबायची पाटी असलेला. अ‍ॅनिका तिथे पहिली पोहोचली, म्हणजे पाळी तिची. थांबली, चाक बंद, सगळं मास्तरांच्या पुस्तकासारखं. आणि मग उजवीकडच्या होगनला हात केला, आधी तुम्ही. होगननं हात केला, छे, तूच हो पुढे. समोरून पाद्रीबाईंनी दोघांना हात केला. डावीकडे दुधाचा टँकर, तो तिघांना. शेजारी परीक्षक बाई वहीत लिहितायत. खाली उतरल्यावर म्हणाल्या, पाळी तुझी असताना तू कुणाला बोलावलंस, तो तुझ्या भरवशावर निघाला आणि तिसऱ्यानं त्याला उडवलं, तर ही सभ्यता कुणाच्या कामाची?

परतताना मी पोरीला विचारलं, हे खूळ कुठून शिकलीस? म्हणाली, तुझ्याकडून. म्हटलं, ही आपल्याकडची रीत आहे. तर म्हणते, रीत माणसांशी असते, आजी. सकाळी तू टपालपेटीला हात केलास आणि ती जायची वाट बघत बसलीस.

मग सांगून टाकलं. दोन वर्षं मी आधी तुम्ही करतेय, ती सभ्यता नव्हे. समोर कोण आहे ते धड दिसत नाही, म्हणून सगळ्यांना जाऊ देते आणि आवाज थांबला की निघते. गाव म्हणतं, अर्डिस म्हातारपणी गोड झाली. मला ते आवडायला लागलं होतं. पोरीनं गोडवा समजून माझं आंधळेपण उचललं.

त्या दिवसापासून मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. शिकवायला तिच्या शेजारीही बसत नाही, तिथल्या माणसालाही दिसावं लागतं. उरलेला सराव क्वाम मास्तरांनी करून घेतला.

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी उभी राहिले आणि सांगितलं, यापुढे अ‍ॅनिका चौकात आली की कुणी हात करायचा नाही. शहरातल्यांसारखं तोंड करून आपापल्या पाळीनं निघायचं. होगन म्हणाला, अर्डिस, ते उद्धट दिसेल गं. म्हटलं, दिसू दे, मी बहात्तर वर्षं दिसतेय. मग त्यांना डोळ्यांचंही सांगितलं. कुणाला नवल वाटलं नाही. टँकरवाला म्हणाला, तुमची गाडी दिसली की आम्ही तसंही गाडी बंद करून बसतो.

बुधवारी ती पास झाली. चौकात तिची पाळी आली आणि ती निघाली, बस.

आता कामाचं. जोलीननं माझ्या सामानासाठी खोकी जमवलीत. मी लिहिलं तर भांडण होईल, अ‍ॅनिकानं लिहिलं तर आत्याला उलट बोलली असं होईल. तेव्हा पोरगी इथेच राहील आणि आईही, एवढ्या दोन ओळी तिला तू लिहायच्यास. आणि तिची चार पानं उलट टपाली आली, की त्यांनाही उत्तर तूच द्यायचंस.

आई