कडू वचनं काढून घेतलेला डबा

आई, पप्पांचं उद्या सकाळी हृदयाचं ऑपरेशन आहे. एक झडप नीट मिटत नाही म्हणे. तू असतीस तर दोन मिनिटांत कागदावर काढून दाखवलं असतंस. इथल्या डॉक्टरांनी समजावलं ते मला अर्धंच कळलं, कारण त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकचं हृदय होतं, त्याचा एक तुकडा कुणीतरी उलटा बसवला होता आणि मी सगळा वेळ त्याच्याकडेच बघत बसले. आत्ता दुपार आहे. भेटायची वेळ चारला, तोवर बाकावर बसून वहीत हे लिहितेय. हॉस्पिटल परळमधलंच आहे, पण तू नर्स होतीस ते नाही, दुसरं. तू जाऊन अकरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. लिहायची सवय तरी कुठे राहिली? कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. मग डोंगरात कुणाचे होमस्टे सांभाळ, समुद्रावरच्या कॅफेत भांडी घास, असं चाललंय. पण डब्याची गोष्ट मला तुझ्याशिवाय कुणाशी बोलता येणार नाही.

नवीन वर्षाच्या सकाळी गिरगावातल्या आपल्या चर्चच्या मंडळीत उपासना संपली की बायबलच्या वचनांचा डबा फिरायचा. प्रत्येकाने डोळे मिटून एक घडी उचलायची. आत जे वचन निघेल तो देवाने त्या वर्षासाठी आपल्याला दिलेला शब्द. तुझं अक्षर चांगलं म्हणून पाळकसाहेबांनी ते काम तुला लावलेलं. नाताळ उलटला की मला अजून दिसतं, गॅसवर मटण रटरटतंय, तू खाली चटईवर बसून वॉर्डातल्या रद्दी फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर वचनं उतरवतेयस, बँडेजच्या पट्ट्या कापायच्या वाकड्या कात्रीने कागद कापतेयस आणि औषधाच्या पुडीसारखी घडी घालतेयस. आशीर्वादाची वचनं असायची तशी तंबीची, रागाचीही असायची. मी विचारलं होतं, सगळी गोडच का नाही लिहीत? तू म्हणालीस, "सगळ्यांना गोड वाटलं तर त्याला औषध नाही म्हणत, बडीशेप म्हणतात."

पप्पांचं आणि तुझं भांडण दरवर्षी तिथूनच सुरू व्हायचं. पप्पा छापखान्यात बायंडर, पण मंडळीचे पंच, त्यामुळे घरातसुद्धा उभे राहून बोलायचे. "हात ज्याचा त्याचा असेल, पण कुठली घडी कुणाच्या हाताला लागणार हे जग व्हायच्या आधीच नेमलेलं आहे."

"अहो, मग मी मान मोडून एवढ्या घड्या कशाला घालतेय?"

"तेही नेमलेलंच."

"बरं. आजची भांडी तुमच्या नावावर नेमलीयत, उठा."

शेजारच्या मालवणी काकी दारातूनच पप्पांची बाजू घ्यायच्या, "बरोबर बोलतत ते. कपाळार लिवलेला कोणाक चुकाक नाय." तेव्हा मात्र पप्पा भडकायचे. हे कपाळ नाही, नशीब नाही, हे देवाचं नियोजन आहे! काकींना फरक कधी कळला नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

तुझं म्हणणं वेगळंच होतं. तू म्हणायचीस, वॉर्डात शिरल्याबरोबर मला कळतं आज कोण जाणार. त्याच्या नखांवरून, श्वासावरून. पण मला कळलं म्हणून तो जात नाही. देवालाही सगळं आधी ठाऊक असेल, असू दे. ठाऊक असणं वेगळं आणि ढकलणं वेगळं. पप्पा म्हणायचे, नर्सचं ठाऊक असणं चुकू शकतं, देवाचं चुकत नाही. आणि जे चुकूच शकत नाही ते ठरलेलंच की. यावर तू पुढची घडी घालायला घ्यायचीस. मला वाटायचं तू हरलीस.

मी पंधरा वर्षांची होते. आदल्या वर्षी मला आळशी माणसाने मुंगीकडून शिकावं असं सांगणारं वचन आलेलं आणि सगळा बाक हसला होता. वर्षभर मला मुंगी म्हणत होते. म्हणून एकतीस डिसेंबरच्या दुपारी, तू ड्यूटीवर असताना, मी डबा उघडला, एकेक घडी वाचली आणि कडू तेवढी सगळी वचनं काढून कंपासपेटीत भरली. मनात म्हटलं, चला, यंदा कुणालाच मुंगी नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळीत काय झालं ते तुला माहीतच आहे. डबा फिरत गेला आणि ज्याला त्याला शांती, समृद्धी, आनंद. कंडक्टरकाका, जे तिसऱ्या रांगेत बसून सगळ्यांशी भांडायचे, त्यांनासुद्धा नम्र माणसाला मिळणारा आशीर्वाद निघाला. मग पप्पांनी घडी उचलली. देव त्यांना पुष्कळ आयुष्य देईल अशा अर्थाचं वचन. ते वाचता वाचताच उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर साक्ष दिली: महिनाभर छातीत दुखत होतं, बायको-मुलीला सांगितलं नाही, देवाला म्हटलं मला चिन्ह दे, आणि हे बघा. ते रडत होते. पप्पांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. तू शेवटच्या बाकावरून माझ्याकडे बघत होतीस.

घरी आल्यावर तू साडीसुद्धा बदलली नाहीस, तशीच भाकरीचं पीठ मळायला बसलीस. पप्पा खाली सोडा आणायला गेलेले.

"किती काढल्यास?"

"सगळ्या. कडू तेवढ्या."

"हं."

"तू पप्पांना सांगणारेस?"

"मी कशाला सांगू? हात तुझा होता, तोंडही तुझंच. तुला वाटेल तेव्हा सांग. पण सांग. त्यांनी त्या घडीवर आता वजन टाकलंय."

"तुला कधी कळलं?"

"सकाळीच. डबा हलका लागला."

मला इतका राग आला ना तेव्हा! म्हटलं, मग तिथल्या तिथे थांबवलं का नाहीस? मला घड्या परत टाकायला लावल्या असत्यास, विषय संपला असता. तू भाकरी उलटलीस. म्हणालीस, "थांबवलं असतं तर तू काय चांगली झाली असतीस? नुसती थांबली असतीस." आणि मग पप्पांचा कार्डिओग्राम तू त्याच आठवड्यात काढून घेतलास, वचनबिचन काही मध्ये न आणता. तेव्हा काही निघालं नाही. मला वाटलं सुटले.

दोन वर्षांनी तू तापाने गेलीस, तुझ्याच हॉस्पिटलात. सांगायचं राहूनच गेलं होतं. आणि त्यानंतर कसं सांगणार? पप्पांनी ती घडी चष्म्याच्या केसमध्ये ठेवलेली. तू गेल्यावर लोक भेटायला आले की ती उघडून दाखवायचे, म्हणायचे, माझे दिवस वाढवले, तिचे तेवढेच होते, दोन्ही नेमलेलं, मी कुरकुर करणार नाही. त्या कागदाला धरून ते उभे होते, आई. मी तो काढून घेऊ?

आणि माझीही सोय होतीच. मी पप्पांच्या बाजूची झाले. सगळं नेमलेलं असेल तर माझ्या हातानं काहीच केलं नाही. कॉलेज सोडलं, नेमलेलं. घर सोडलं, नेमलेलं. एकदा घाटात दरड कोसळून दोन दिवस अडकले होते, तिथे एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला मी हे तत्त्वज्ञान ऐकवलं. तो म्हणाला, बाई, मग मी ब्रेक कशाला दाबतो? असो.

गेल्या महिन्यात पप्पांना चालता येईना, मी परत आले. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा, फार थांबू नका. पप्पांनी चष्म्याची केस उघडली. "माझं वचन आलेलं आहे. कशाला चिरफाड?" डॉक्टरांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. मी चार दिवस काहीच केलं नाही. अँटॉप हिलपर्यंत चालत गेले, तिथून वडाळ्यापर्यंत, उगाच. चालताना एकच कळलं. माझं मी केलंच नसेल तर मला माफीही मागता येणार नाही. माफी मागायला चूक आपली असावी लागते. तू कदाचित मला तेवढ्यासाठीच मोकळं सोडलं होतंस.

रविवारी त्यांच्या पायाशी बसून सांगितलं. डबा, कंपासपेटी, सगळं. त्यांनी केसमधून ती घडी काढली, उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे देवाने ती वचनं तुझ्या हातून काढून घेतली."

"पप्पा, मी काढली. मी!"

"तुला तसंच वाटणार."

"बरं, मग आज तुम्हाला हे सांगायलाही त्यानेच लावलं असेल."

यावर ते हसले. छातीवर हात दाबून, पण हसले. थोड्या वेळाने म्हणाले, "फॉर्म आण. तुझ्या सांगण्यावरून नाही हं. नेमलंय म्हणून सही करतोय." घडी त्यांनी पुन्हा केसमध्येच ठेवली. उद्याचं मला ठाऊक नाही. बरे होतील, नाही होतील. सही करायला लावली ती मी, आणि जे होईल त्यातला माझा वाटा मी उचलणार आहे.

एक राहिलं. सही करताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुझ्या आईला माहीत होतं का गं हे?" मी लगेच म्हणाले, "नाही." जरासुद्धा न थांबता. तू मंडळीत त्यांना तसं रडू दिलंस, हे त्यांना कळायला नको होतं. हे खोटं कुणी नेमलेलं नाही, माझं मी बोलले. घरी हे ठेवता येणार नाही, पप्पा कपाटातला चिटोराही वाचतात, म्हणून वही माझ्या सॅकमध्येच राहील. आणि त्यांनी परत विचारलं, तरी मी नाहीच म्हणेन.