उपाशी बशी

सोमवार, ३ तारीख
नव्या नोकरीचा पहिलाच दिवस आणि माझ्यावर घोर अन्याय झाला आहे, याची इतिहासाने नोंद घ्यावी: माझ्या खुर्चीला एक चाक नाही. दिवसभर डावीकडे कललेला होतो. बाकी बुरशीची ही प्रयोगशाळा झकास. काचेच्या बश्यांत बुरशी वाढते, तिचा घेर मोजून वहीत लिहायचा. प्रत्येक बशीत नायट्रोजनचं खाणं वेगळं. अमोनिया दिसला की बुरशी आधी तोच फस्त करते, मग नायट्रेट. दोन्ही नसलं तरच प्रथिनं फोडायचे कष्ट घेते. शेवटच्या बशीत नायट्रोजन अजिबात नाही. तिला सगळे ‘उपाशी’ म्हणतात. प्रमुखबाई म्हणाल्या, उपाशी ठेवलं की काहीही पचवायला शिकते. आमची जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची का, ते कळलं.

बुधवार, ५
उपाशी वाढली! चांगली चार मिलिमीटर. बाईंनी विचारलं, काय चारलंत हिला? मी म्हटलं, शपथ, काही नाही. मग त्यांनी मला वहीचं पान उलटताना पाहिलं. वीस वर्षं कारकुनी केली. बोट जिभेला लावल्याशिवाय पान उलटत नाही माझ्याच्याने. त्याच ओल्या बोटाने बशीचं झाकण उचलायचो. थुंकीत युरिया असतो म्हणे, म्हणजे नायट्रोजनच. वाटलं, गेली नोकरी. बाई गोड हसल्या. काका, म्हणाल्या, सवय मोडू नका.

शनिवार, ८
नखाखाली पांढरा धागा. दुखत नाही, हेच वाईट. डॉक्टरकडे जातो म्हटलं, तर रजा नामंजूर. मोजमाप अर्धवट राहील म्हणे. बाईंनी पट्टी लावून बोट मोजलं. वहीत नवी ओळ: नायट्रोजनचा स्रोत, काका.

सोमवार, १०
नख भिजल्या पुठ्ठ्यासारखं निघून आलं. बाईंनी ते बशीत जपून ठेवलं. माझ्या आधीच्या माणसाने नोकरी सोडली का, विचारलं. म्हणाल्या, छे हो, इथेच आहे. कपाटात, वरून दुसरी फळी.

मंगळवार
पहिलं पेर मऊ. जिभेवर लव — बोलता येत नाही. बाई म्हणतात, बरंच झालं. दाराला बाहेरून कुलूप —

बुधवार
बाईंनी आज स्वतः चहा करून पाजला. एवढी माणुसकी! मला कुणाचे उपकार ठेवायची सवय नाही. दुसरा कप मी केला, त्यांच्यासाठी. आधी निवू दिला — उकळत्यात बुरशी मरते. चमचा घेतला नाही. बोटानेच ढवळला, सावकाश. साखर विरघळली. बोटही, थोडं.
वहीतून मान वर न काढता बाई घोट घेतायत. म्हणाल्या, काका, छान झा—