भाल्याची खूण

टेलेमार्क, नॉर्वे,
१२ मे १९४८

प्रिय सिग्ने,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. बर्फ आता फक्त वरच्या उतारावर उरला आहे. सात मेंढ्या व्यायल्या, त्यातल्या एकीला तिळी झाली. शेजारची गुन्हिल्ड अजून माझ्याशी बोलत नाही, पण काल कुंपणावर बटाट्याचं बियाणं ठेवून गेली. ठेवताना चेहरा असा केला होता, जणू ते मीच तिच्या घरातून चोरलं आहे. मी तेवढ्यावर खूश आहे.

तीन वर्षांत तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस. तुझा नवरा जर्मनांच्या तुरुंगातून दात पाडून घेऊन आला आणि तुझ्या बापाने त्याच लोकांचं पत्र भिंतीवर टांगलं. तुझा राग रास्त आहे. तरी हे शेवटपर्यंत वाच. आईच्या थडग्यावरचा दगड तू बसवलास, आणि त्यावर तुझ्या भावाचं, हाल्वारचं नाव येणार नाही असंही तूच बजावलंस. मला ते नाव तिथे कोरायचं आहे. तुझ्या होकाराशिवाय मी पाथरवटाला दगडाला हात लावू देणार नाही.

मागच्या आठवड्यात आस्ले आला होता. हाल्वारबरोबर जर्मनांच्या बाजूने लढायला रशियात गेलेला, आता शिक्षा भोगून सुटलेला. उंबऱ्यातच उभा राहिला. मी म्हटलं, "आत ये. कॉफी बार्लीची आहे, पण गरम आहे."

"मास्तर, आधी ऐका. मग पाजायची की नाही ते ठरवा."

सिग्ने, आपला हाल्वार लढताना पडला नाही. भिंतीवरच्या पत्रात क्रूसाच्या जागी आपल्या जुन्या लिपीतलं एक रूनाक्षर काढून त्यांनी लिहिलं होतं, की तो तलवारीच्या वाटेने ओडिन देवाच्या महालात, वल्हालात गेला. तो टायफसने गेला. कुठल्याशा शाळेच्या वर्गात, पेंढ्यावर, अंगभर उवा.

"शेवटचे दोन दिवस रडत होता," आस्ले सांगत होता. "म्हणे, अंथरुणात मरणाऱ्याला महालाच्या दारातूनच परत पाठवतात. मग त्याला तुमची गोष्ट आठवली. म्हातारे योद्धे मरताना अंगावर भाल्याची खूण करून घ्यायचे ना, म्हणजे ओडिन त्यांना रणात पडलेल्यांत धरायचा, ती. माझ्या मागेच लागला. भाला कुठून आणू? खिशातला चाकू काढला."

आता जे इतकी वर्षं टाळलं ते लिहितो. जर्मनांना मिळालेल्या त्या पक्षाच्या माणसाने पोराच्या डोक्यात हे भरवलं असं तू समजतेस, आणि मीही सगळ्यांना तसंच सांगत आलो. पण शाळेतल्या त्या भरतीच्या सभेत तो माणूस जेमतेम पाच मिनिटं बोलला. बाकीचा तास मी बोललो. "मास्तरांसारखी गोष्ट कोणी सांगत नाही," असं म्हणून त्याने मला उभं केलं आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. दिवसभर लढून मरणारे आणि संध्याकाळी उठून डुकराच्या मांसावर ताव मारणारे वीर, त्यांचे पेले भरणाऱ्या ओडिनच्या दासी वाल्किरी, सगळं रंगवून सांगितलं. पोरं टाळ्या वाजवत होती. हाल्वार पहिल्या बाकावर होता.

गोष्टीचा शेवट मला ठाऊक होता. जगाच्या शेवटच्या लढाईत लांडगा खुद्द ओडिनला गिळतो आणि महालातले वीर पुन्हा एकदा मरतात, या वेळी कायमचे. आपल्या जुन्या लोकांनी तो शेवट कधी लपवला नाही. मी लपवला. टाळ्या थांबतील म्हणून मूग गिळून गप्प बसलो. मग टेबलावर भरतीचे कागद आले.

आस्लेने चाकूचं टोक छातीवर नुसतं टेकवलं. रक्ताचा एक थेंब आला. हाल्वार शांत झाला आणि म्हणाला, "आता बाबांना माझी लाज वाटणार नाही." तासाभरात गेला.

मी आस्लेला कॉफी दिली. आम्ही दोघंही रडलो.

ते पत्र मी चुलीत घातलं. दगडावर मला रूनाक्षर नको, 'वीर' हा शब्दही नको. एवढंच हवं: हाल्वार, वय एकोणीस, तापाने गेला. तो कोणाच्या बाजूने गेला हे गावाला पाठ आहे, दगडामुळे ते पुसलं जाणार नाही. तू नाही म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही. पण माझा मुलगा अंथरुणात मेला, हे कुठेतरी उघड्यावर लिहिलेलं असावं असं मला फार वाटतं.

ज्याला त्याची कधीच लाज वाटली नाही, आणि ज्याने ते त्याला एकदाही सांगितलं नाही,

तो तुझा बाप,
तोर्युस