उजव्या हाताची जागा

प्रिय क्लिओफस,

चर्चच्या जुन्या पत्रकाच्या पाठीवर लिहितेय. तुझ्यासाठी कोरा कागद दवडायला मन होत नाही.

पॅरिसच्या मासिकातली तुझी मुलाखत पाद्रीबाईंच्या भाचीने आम्हाला वाचून दाखवली. तिथल्या मोठ्या शाळेत जॅझ पियानो शिकवतोस, देशोदेशीची पोरं तुझ्या त्या डाव्या हाताची ढब शिकायला येतात, फोटोत गळ्यात रेशमी रुमाल. वा! आणि गुरू कोण विचारलं तर म्हणे, ‘मला कोणी शिकवलं नाही, न्यू ऑर्लिन्सच्या गुत्त्यांनी घडवलं.’ गुत्त्यांनी! अंधाराला भिऊन माझा परकर धरून झोपायचास तू. बोटीवरच्या बँडबरोबर पळालास तेव्हा ओठावर नीट मिसरूड नव्हतं, पण डावा हात पक्का होता.

तो कुठून आला ते माझ्याकडून ऐक. तान्हा असताना तुला खाली ठेवलं की तू आकांत करायचास. म्हणून आई रविवारी तुला उजव्या हातावर घेऊन चर्चच्या पियानोशी बसायची आणि सगळी गीतं एकट्या डाव्या हाताने वाजवायची. चालही त्यातच, ठेकाही त्यातच. दूध पिता पिता शिकलास, प्रोफेसर! पण हे सांगितलं तर रुमालाला डाग पडेल ना? प्रभू तुला क्षमा करो, मला काही जमत नाही.

मी मासिक चुलीत घालायला उठले, तर आई हसली. म्हणाली, ‘राहू दे गं इओला, गुत्त्याचं नाव घेतलं की तिकिटं खपतात.’ तुझी बाजू घ्यायला ती सदा तयार.

आता ऐक. हिवाळ्यात तिला झटका आला, उजवा हात लुळा पडलाय. ‘त्याला कळवू नकोस, पोरांचे धडे बुडतील,’ म्हणून तिने मला शपथ घातली होती. ती आज मोडतेय. दर रविवारी ती अजून वाजवते, एकट्या डाव्या हाताने, तेव्हासारखीच. चर्चचा कारभार बघणारे डीकन प्रिचर्ड म्हणाले, ‘सिस्टर, वाजवायला दुसरी बाई बघू का?’ आई म्हणाली, ‘कशाला? माझा उजवा हात परदेशी गेलाय, येईल.’ सगळं चर्च हसलं. मी नाही हसले.

डीकननी तिला ईस्टरपर्यंतच बसू द्यायचं ठरवलंय. ती पियानोच्या बाकाच्या डाव्या टोकाला बसते, उजवीकडची जागा मोकळी ठेवून. परवा मी तिची पिशवी तिथे ठेवली, तर तिने ती खाली ढकलली. तुझं तोंड बघायची मला हौस नाही, पण ती जागा तुझी आहे. ईस्टरच्या आत ये आणि बस. रुमाल तिकडेच ठेव.

तुझीच, नाइलाजाने, थोरली बहीण
इओला