इनेस, रुई आणि आमची भलरी

येलहंका, बेंगळूर, ३ फेब्रुवारी २०२५
ती. सौ. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत. परवा इंदिरानगरला पोर्तुगालच्या एका जोडीचं गाणं ऐकलं, इनेस आणि रुई. ऑलिव्ह झोडपणं, मेंढ्या कातरणं, जत्रेहून गाढव हाकत परतणं, अशी त्यांची गाणी. भाषा कळली नाही, तरी आपलं रान दिसलं. खरंच दिसलं, की दिसावंसं वाटलं, याचा घरी येईपर्यंत विचार करत होते.

तुमच्याकडे शेतात गातात का, असं इनेसनं विचारलं. उत्साहात मी तुझ्या भलरीचं सांगितलं आणि बावीस तारखेच्या इथल्या कार्यक्रमात तू त्यांच्याबरोबर गाशील असंही बोलून गेले. आयोजक श्रीवत्स यांनी तुझं नाव छापलंसुद्धा. येशील ना?

तुझ्या होकाराची आणि मायेची वाट पाहणारी,
नीलिमा

निपाणी, ८ फेब्रुवारी
चि. सौ. नीलिमास, अनेक आशीर्वाद.

घोडा ठरवून नवरदेवाला मागनं विचारतेस होय! अगं, भलरी म्हणजे भजन नव्हे. कापणी करताना एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची. माझी ओळ उचलणारी शेजारच्या रानातली गंगव्वाच. बोअरच्या पाण्याच्या पाळीवरून आमचं बोलणं तुटलं, तेव्हापासून मी गायले नाही. बांधाला बांध आहे, पण ती तिकडं बघते, मी इकडं. मी उचलते म्हणशील, तर नको. तू भलरीची शाळेतली प्रार्थना करतेस.

गाणं गेल्याचं वाईट वाटतं, पण पाहुण्यांसाठी मी तिच्या दारात जायची नाही.

राग मानू नकोस, मी मानलाय तेवढा पुरे.
अक्का

येलहंका, १३ फेब्रुवारी
ती. सौ. अक्कास, शि. सा. न.

नाव काढायला सांगितलं. श्रीवत्स सरी, सरी, असू द्या म्हणाले, पण हिरमुसले. इनेस मात्र तुमच्या अबोल्याचं कारण ऐकून खूप हसली. ती आणि रुई पूर्वी नवरा-बायको होते म्हणे. आता गाडीत तो पुढे, ही मागे; चहा हवा का, हेही तिसऱ्याकडून विचारतात. मग गाता कसे, असं मी विचारलं. ती म्हणाली, घटस्फोटात भांडी वाटली, गाणी वाटायची राहिली.

ही बातमी आहे की आग्रह, मलाच ठरवता येईना. तू बातमीच समज, आणि माझ्यावरची माया कमी करू नकोस.
नीलिमा

निपाणी, २० फेब्रुवारी
चि. सौ. नीलिमास, आशीर्वाद.

बातमी कसली, चांगला आग्रहच की! काल गंगव्वाच्या रानात शाळूची कापणी होती. विळा घेतला, बांध ओलांडला आणि न विचारता तिच्या शेजारची पात धरली. ओळ टाकली. बायका थबकल्या. गंगव्वानं मान वर केली नाही. ओळ तशीच पडून राहिली. पुन्हा टाकली, तर आवाज फाटला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा तिनं उचलली, तीही माझ्याहून वरच्या पट्टीत, मुद्दाम!

आता बेंगळूरला यायला सवड नाही. पाहुण्यांनाच इकडं आण, पुढच्या रविवारी माझं रान कापायचंय. गंगव्वाचं माझं बोलणं अजून नाही. पण तिनं सुनेकडून निरोप धाडलाय, की रविवारी ती येईल, तोवर म्हातारीला घसा शेकायला सांगा.

तुझ्यावर लोभ आहेच, वेगळा मागू नकोस.
अक्का