भुवीच्या गाडीचं तेल

१० फेब्रुवारी, मंगळवार

मला विचारलं! बापाला न्हाय, चौकातल्या गॅरेजवाल्यांना न्हाय — मला! "अज्जी, गाडीत कुठलं तेल घालू गं?" मी भाकरी थापत होते. म्हटलं थांब, करपंल. पण आतून असं झालं की उठून नाचावं. गुडघे नाचू देत न्हाईत ती गोष्ट येगळी.

तीन वर्षांची असताना भुवीची आई गेली, तवापासनं पोरगी माज्याच मांडीवर. आता बावीस वर्षांची झाली आन् मोटारसायकल उडवती. साधी न्हवं — उंच, गाठीगाठीच्या टायरची, दगडाधोंड्यातनं, ओढ्यातनं जाणारी. बावीस तारखेला वळसंगच्या माळावर शर्यत हाय. त्यासाठी तेल बदलायचं.

मी चौथीपर्यंत शिकले. पण तेल मला कळतं. मालकांनी होटगी रोडला चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, हितंच, घराच्या पुढच्या शेडात. अंगठा आन् बोट यात थेंब चोळला की मी सांगायची, कसलं हाय, किती पळलंय, जळलंय का. मालक गिऱ्हाइकाला म्हणायचे, "थांबा, घरच्या साहेबाला विचारून येतो." दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. तवापासनं मला कुणी काय विचारलंच न्हवतं. चहात साखर किती एवढंच.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

भुवीच्या मागं बसून गेले! पदर खोचून! शेजारची रंभाबाई दारातनं ओरडली, "अक्का, ह्या वयात कुटं निगाला उडत?" म्हटलं, "तेल बगायला!"

संगप्पाच्या दुकानात गेलो. त्याचा बाप आन् आमचे मालक दोस्त, त्यामुळं घरच्यासारखं. त्यानं पाच डबे मांडले. मी बोट बुडवायला लागले तर म्हणतो, "अक्का, भजी तळायचीत काय?" मी म्हटलं, "तुज्या तेलात तळली तर तूच खा."

भुवी मोबाईलमध्ये बघून म्हणाली, कंपनीच्या पुस्तकात दहा-चाळीस नंबरचं तेल लिहिलंय. संगप्पा म्हणाला, आपलं ऊन बघा, चढावर इंजिन तापलं की ते पातळ पडतं, त्यापरीस दाट, दहा-पन्नास घ्या. मला पटलं. पण भुवीची नजर भलत्याच डब्यावर. कारचं तेल, लई महागातलं, मधासारखं झुळझुळीत. "अज्जी, हे बघ ना, किती भारी!"

म्हटलं, "ठेव खाली. कारचा क्लच कोरडा असतो. मोटारसायकलीचा क्लच तेलातच बुडालेला. कारच्या तेलात घसरायचं औषध घालतात, ते ह्यात गेलं की क्लच घसरला. इंजिन बोंबलत राहील आन् गाडी जागच्या जागी."

संगप्पानं हातच जोडले. "बघ भुवे, तुज्या आज्याचं, चनमल्लप्पाचं गॅरेज अजून चालू हाय."

दहा-पन्नासच्या डब्यावर ओल्या क्लचचा एमए-टूचा शिक्का बघितला, संगप्पानं समोर सील फोडलं, मी थेंब चोळला आन् तोच घेतला. येताना भुवीनं विचारलं, "अज्जी, तू मेकॅनिक का न्हाय झालीस?" मी हसले. आता लिवताना हसू येत न्हाय.

१५ फेब्रुवारी, रविवार

शिवरात्र. उपास. लिंगपूजा उरकून शेडात गेले. इंजिन जरा गरम केलं, खालचा नट सोडला, जुनं काळं तेल पाटीत. कोमट असताना काढायचं, म्हंजे तळाचा गाळ संगं येतो — हे मी सांगितलं! नवं तेल भुवीनं माज्या हातनं ओतवलं. इंजिनाच्या बाजूच्या काचेत मधोमध आलं की बास. दोघींचे हात बरबटलेले. माजा ल्योक गुरुशांत, भुवीचा बाप, दारात येऊन म्हणाला, "अव्वा, नव्या पेठेत बाया शालूला एवढा विचार करत न्हाईत." त्याचं साड्यांचं दुकान, त्याला सगळं साडीतच दिसतं.

लई दिवसांनी शेडात तेलाचा वास आला. मालक असल्यासारखं वाटलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज जेवताना कळलं. वळसंगला पुण्याची एक टीम येणार हाय. सगळ्यांत चांगले दोघं निवडणार. निवडलं की दोन वर्षं पुण्यात. राहणं, जेवण, गाडी सगळं त्यांचं.

भुवीचं ताटाकडं लक्षच न्हाय. "अज्जी, एवढीच संधी गं. ही गेली तर पप्पा मला दुकानात बसवणार." गुरुशांत म्हणाला, "बसवणारच. निवडली तर जा, न्हाय निवडली तर गाडी विकून टाक. रोज जिवाला घोर नको."

मी म्हटलं, जा माय. चांगलं हाय. शेंगाचटणी देईन डबाभरून, कडक भाकरी देईन, महिनाभर टिकत्यात. बोलतच सुटले. भुवीनं गळ्यात हात टाकले.

गुरुशांत सकाळी नऊला जातो, रात्री नऊला येतो. मधले बारा तास ह्या घरात मी. आता निदान भुवी हाय. तिचा हेल्मेट आपटायचा आवाज असतो. अज्जी कुठायस, अज्जी माजा मोजा, अज्जी हे चाख. मालक गेले तवा पहिले चार महिने ती माज्या अंथरुणात झोपली. मला झोप न्हवती येत म्हणून.

दोन वर्षं. माजं वय आता एकाहत्तर.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज लिवायला काय न्हाय.

२२ फेब्रुवारी, रविवार

वळसंगच्या माळावर लई माणसं. जत्रेसारखी. खालच्या सपाटीवर भुवी दुसरी होती. मी उभी राहून ओरडत होते. शेजारच्या एका बाईनं विचारलं, कोण तुमची? म्हटलं, ती लाल! ती माजी!

मग मुरमाचा चढ आला. अर्ध्यात गेली आन् इंजिन बोंबलायला लागलं. नुसता आवाज. गाडी पुढं सरकंना. एकेक जण बाजूनं गेला. ती उतरली, ढकलायला लागली. एकशे तीस किलोची गाडी, चढावर, एकटी. पाय घसरून गुडघ्यावर पडली, परत उठली. वर पोचली तवा बक्षिसं वाटायला घेतली होती.

टेम्पोत माज्या शेजारी चढली. माज्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. हेल्मेटातला घाम माज्या लुगड्यावर. मी केसातनं हात फिरवत होते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

भुवीनं तेल काढलं. वाटीत घेऊन माज्याकडं आली. "अज्जी, क्लचच घसरला. तू म्हणाली होतीस तसंच. संगप्पाकाकानं बनावट तेल दिलं. तू बघ, तू सांग."

गुरुशांत उभा होता. मी अंगठा आन् बोट यात चोळलं.

"पातळ हाय," म्हटलं. "जास्तच निसरडं लागतंय."

"बघा!" भुवी बापाला म्हणाली. "अज्जीचं बोट चुकत न्हाय."

हात साबणानं चार येळा धुतला.

२५ फेब्रुवारी, बुधवार

पोरीनं मोबाईलवर टाकलं. डबा दाखवला, दुकानाचा बोर्ड दाखवला, संगप्पाचं नाव घेतलं. आमच्या अज्जीनं तपासलंय असं पण सांगितलं. शेकड्यानं लोकांनी बघितलं म्हणे. माजं नाव पहिल्यांदा कुटंतरी आलं. जेवण गेलं न्हाय.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

संगप्पा आला. खुर्ची दिली तर बसला न्हाय. दोन गॅरेजवाल्यांनी त्याचा माल परत पाठवला. "अक्का, एमए-टूचा शिक्का तुमी सोता बघितला. सील तुमच्यासमोर फोडलं. तुमच्या बोटावर माजा बाप इश्वास ठेवायचा, मी पण ठेवतो. म्हणून विचारतो — खरंच पातळ होतं?"

मी म्हटलं, "चहा घे."

"चहा नको अक्का." उभ्या उभ्या गेला. चपला न घालता, हातात घेऊनच पायरी उतरला. पन्नाशीचा गडी.

भुवी आतनं म्हणाली, "कसं तोंड घेऊन आला बघ!" मी तिला गप्प केलं न्हाय.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडी विकली. वैरागचा एक जण उद्या धा वाजता न्यायला येणार. भुवीनं सोता फोन केला. सोमवारपासनं नव्या पेठेत दुकानात बसणार. दुकानात घालायला काळा कुर्ता इस्त्री करून ठेवलाय.

संध्याकाळी माज्या मांडीवर डोकं ठेवून पडली. "अज्जी, मी कुठंच जाणार न्हाय आता. तू आन् मी. बरं झालं ना?"

व्हय म्हटलं.

हेच तर पायजे होतं. मग हे असं का होतंय? ती झोपल्यावर तिच्या गुडघ्याची जखम बघितली. खपली धरलीय. मुरमाचा एक खडा अजून आत हाय.

२८ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी

संगप्पाचं तेल चांगलं होतं.

मालकांची रीत होती — डबा रिकामा झाला की केटलीवर पालथा घालायचा, राहिलेलं थेंब थेंब गळू द्यायचं. शेवटी शेवटी कारचीच कामं यायची. ती केटली कारच्या तेलानं भरलेली, शेडात तशीच होती. एकवीस तारखेला दुपारी भुवी झोपली होती. मी तिच्या गाडीतलं अर्धं तेल काढलं आन् केटलीतलं तेवढंच ओतलं. काचेत बघितलं. बरोबर मधोमध.

चुकून न्हाय ओतलं. काय होणार ते मला ठावं होतं.

आता आठ वाजलेत. भुवी आंघोळीला गेलीय. ही वही उघडीच तिच्या ताटापशी ठेवते. संगप्पाकडं मी चालत निघाले.

वाच भुवे.